चेन्नईतील धनादेश-खटल्याचा शोध

धनादेश न वटल्याचा खटला परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १३८ अन्वये दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. तो फिर्यादीच्या खासगी तक्रारीवरून उभा राहतो. त्यास एफआयआर क्रमांक नसतो. म्हणून ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर तमिळनाडू, चेन्नई आणि एग्मोर, जॉर्ज टाऊन वा सैदापेट यांपैकी न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव व वर्ष यांवरून शोध घ्यावा लागतो. खरी अडचण येथेच येते. तमिळ नावात बहुधा आडनाव नसते. असते ते पित्याच्या नावाचे आद्याक्षर. एक ‘आर. कुमार’ शोधताना अनेक समोर येतात आणि इंग्रजी वर्णलेखन बदलले की हवा तोच निसटतो. पत्ता वा वडिलांचे नाव ताडून पाहिल्याखेरीज कोणास आरोपी समजू नये. खटला सापडल्यास १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा. पुढील तारीख त्यावरून कळते. पुराव्यासाठी मात्र न्यायालयाची प्रमाणित प्रतच लागते.