मुंबईला, कामाशिवाय

लग्नानंतरच्या पहिल्या बावीस वर्षांत आम्ही दोघं मुंबईला तीस-पस्तीस वेळा तरी गेलो असू. सासऱ्यांचं ऑपरेशन, मुलीचा प्रवेश, ह्यांच्या बदलीचा अर्ज, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं. दर वेळी हातात एखादी फाइल नाहीतर आहेराची पिशवी. समुद्र दिसला तर तो टॅक्सीच्या काचेतून. मुलगी शिकायला बाहेर पडली त्या हिवाळ्यात एका रात्री ह्यांनी विचारलं, "मुंबईला जाऊया का? नुसतंच." मला वाटलं, काहीतरी लपवतायत. कुठली तरी तपासणी असणार.

तशी कुठलीच तपासणी नव्हती. त्याला आता सहा हिवाळे झाले. शुक्रवारी रात्री जेवण उरकून सांगलीला महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, शनिवार-रविवार मुंबई, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. मुक्काम एकाच रात्रीचा. या सहा खेपांत जे उमगलं ते लिहिते.

१. नातेवाइकांकडे उतरू नका.

हे लिहिताना मन कचरतं, पण सगळ्यांत आधी लिहायला हवं तेच हे. पहिल्या वर्षी आम्ही डोंबिवलीला ह्यांच्या आत्यांकडे उतरलो. आत्यांच्या मायेला तोड नाही. सकाळी पोहे, दहाला शिरा, "जेवूनच निघा" म्हणता म्हणता दीड वाजला. व्ही.टी.ला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि आठला परत जेवायला यायचं कबूल केलं होतं. त्या दोन दिवसांत आम्ही दोघंच असे फक्त लोकलमध्ये होतो, तेही वेगवेगळ्या डब्यांत.

पुढच्या वर्षी मी आत्यांना स्वतः फोन करून सांगितलं की आम्ही येतोय, पण बाहेर उतरणार आहोत. त्यांना वाईट वाटलं. वाटणारच होतं. आता दिवाळीनंतर दोन दिवस आम्ही फक्त त्यांच्यासाठी जातो. त्या दिवसांत मुंबई बघायची नाही, त्यांच्याजवळ बसायचं, त्यांच्याबरोबर भाजी आणायला जायचं. लपूनछपून जाऊन स्टेशनवर कुणाच्या दृष्टीस पडण्यापेक्षा आधी सांगितलेलं शंभर पटींनी बरं.

२. गाडी सकाळी पोचते, खोली दुपारी बाराला मिळते.

मधले चार-पाच तास कुठं काढायचे हे घरून ठरवून निघा. खोली लवकर मिळेल का, हे फोनवर विचारून घ्या. नाहीच मिळाली तर बॅग लॉजच्या काउंटरवर किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून मोकळं व्हावं. म्हणून बॅग एकच असावी आणि ती दोघांपैकी कुणालाही उचलता यावी. फोटो बघून खोली ठरवलीत तर खिडकी कशावर उघडते हेही विचारा. एका वर्षी आमची खिडकी डक्टवर उघडत होती, पहाटे चारपासून पाण्याच्या पाइपांचा आवाज. गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि हिवाळ्यातले शुक्रवार भराभर भरतात.

३. रविवार म्हणजे मेगाब्लॉक.

रुळांच्या कामासाठी रविवारी दुपारचे काही तास लोकलच्या एखाद्या मार्गावर गाड्या बंद असतात, वळवतात किंवा उशिरा धावतात. मुंबईकर शनिवारीच पेपरात ते बघून ठेवतो. आम्ही बाहेरगावचे बघत नाही आणि मग दादरच्या पुलावर उभे राहतो. दुसरं म्हणजे जानेवारीतला तिसरा रविवार टाळा, किंवा मुद्दाम तोच धरा. मुंबई मॅरेथॉन साधारण त्याच सुमाराला असते आणि दक्षिण मुंबईतले रस्ते पहाटेपासून बंद होतात. आम्ही त्यात अडकलो तेव्हा सुरुवातीला हे चिडले. मग पेडर रोडच्या कडेला उभे राहून सत्तरीच्या आजोबांपासून सगळ्यांना दीड तास टाळ्या वाजवत होते. लग्नानंतर मी ह्यांना एवढं ओरडताना ऐकलं नव्हतं.

४. लोकलमध्ये चढण्याआधी भेटायची जागा ठरवा.

मी लेडीजमध्ये, हे जनरलमध्ये. बारा डब्यांच्या गाडीत मधे सात-आठ डबे पडतात, आणि फलाटावरच्या गर्दीत फोन ऐकू येत नाही. नुसतं "चर्चगेटला भेटू" म्हणून भागत नाही. "इंडिकेटरखाली" म्हणायचं. अख्खी मुंबई पिढ्यान् पिढ्या इंडिकेटरखाली भेटत आली आहे.

५. अर्ध्या दिवसात एकच भाग बघायचा.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी चौदा ठिकाणांची यादी केली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत आम्ही नऊ बघितली आणि दादरच्या फुलबाजाराबाहेर कडकडून भांडलो. कशावरून, ते आज दोघांनाही आठवत नाही. पाय सुजले होते एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी खोलीवरच ठेवली आणि ओव्हल मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. ती जागा मला नवरा-बायकोसाठीच केल्यासारखी वाटते. हिवाळ्यातल्या रविवारी मैदानात एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या खेळपट्टीपाशी उभा असतो, तरी कुणाचा चेंडू कुणाचा हे त्यांना बरोबर कळतं. ह्यांनी पार दुपारपर्यंत क्रिकेट बघितलं. मी इमारती बघितल्या. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. टोकदार कमानी, दगडी जाळ्या, एकोणिसाव्या शतकातलं सगळं काम. प्रेमचंद रायचंद यांनी त्या टॉवरला पैसा दिला आणि आईचं नाव दिलं, म्हणून तो राजाबाई. मान वळवली की पश्चिमेला १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारती. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखी छपरं, फिकट पिवळे आणि गुलाबी रंग. मधे फक्त एक मैदान, पण दोन्ही बाजूंत साठ-सत्तर वर्षांचं अंतर. या समोरासमोर उभ्या असलेल्या दोन काळांनाच २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं.

साडेतीन तास आम्ही एकाच कठड्यावर बसलो होतो. मधे हे मला एखादा झेल दाखवत, मी ह्यांना एखादा सज्जा. एकमेकांच्या आवडीत आपल्याला गोडी नसली तरी शेजारी बसून दोघांना आपापलं बघता येतं, हे मला तिथं कळलं. त्याआधी मी नेहमी ह्यांच्याबरोबर कंटाळत तरी असे, नाहीतर ह्यांना कंटाळा आणत तरी.

६. समुद्राचं वेळापत्रक बघा.

शिवडीला फ्लेमिंगो बघायला जायचं तर घड्याळाआधी भरती-ओहोटीची वेळ लागते. पूर्ण भरतीत चिखल पाण्याखाली जातो आणि पूर्ण ओहोटीत पक्षी पार लांब पांगतात. मधली वेळ साधावी लागते. आम्हाला एकदाच साधली. घारापुरीला सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी गर्दी असते, म्हणून शनिवारी सकाळची पहिली बोट बरी. गेटवेहून तास लागतो. पायऱ्या शंभरावर आहेत, गुडघे सांभाळून.

घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती तिथं दिसत नाही, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती फुटला. ते तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडले. लेणी बघितल्यावर पुढच्या हिवाळ्यात आम्ही मुद्दाम त्याला भेटायला गेलो. ह्यांनी सांधे शोधून शोधून दाखवले. तिथं बुधवारी सुट्टी असते. आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना त्याची अडचण नाही.

७. एक संध्याकाळ नाटकाला द्या.

आम्ही सांगलीची माणसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये आमच्या गावात 'सीतास्वयंवर' केलं आणि पुढं दहा वर्षांनी त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. त्या वाटेनं आपणही आलोय, असं मला दर वेळी वाटतं. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघायच्या आणि दादरच्या शिवाजी मंदिरचं किंवा माटुंग्याच्या यशवंतचं तिकीट काढायचं. मध्यंतरात बटाटेवडा. नाटक सुटल्यावर रस्त्यावर उभं राहून त्याबद्दल बोलायचं. गावी नाटक सुटलं की आधी गाडी काढायची घाई असते. इथं आपली गाडी नसते.

८. थंडीत मिळतं तेच खा.

मुंबईत वडापाव बारमाही आहे. पण हिवाळ्यात भुलेश्वरच्या बाजूला उंधियो मिळतो आणि गुजराती फरसाणवाल्यांकडे सुरती पोंक येतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा कोवळा हुरडाच. आपण तो शेतात आगटीवर भाजून शेंगदाण्याच्या चटणीशी खातो, तिथं लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात. ह्यांच्या मते आपलाच चांगला. माझं मत वेगळं आहे. सकाळी मात्र धोबी तलावला १९०४ पासूनच्या कयानीत ब्रून मस्का आणि चहा, याबद्दल दोघांत दुमत नाही.

९. मरीन ड्राइव्ह शेवटी ठेवा, आणि तिथं काही करू नका.

हिवाळ्यात मुंबईची सकाळ धुरकट असते. समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो आणि रात्रीची धूळ, धूर तसाच साचून राहतो. ह्यांना खोकला होतो. दुपारी वारा आला की आकाश उघडतं. म्हणून संध्याकाळ. जानेवारीत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या मधे बुडतो, पाचलाच कठड्यावर जागा धरावी.

सांगलीत आम्ही दोघं गणपतीच्या देवळाबाहेर नुसते उभे दिसलो तरी कुणीतरी विचारतं, "काय, डॉक्टरकडं का?" बायकोबरोबर विनाकारण उभं असणं आमच्या गावाला ठाऊक नाही. त्यात वाईट काही नाही, ती काळजीच असते. पण मरीन ड्राइव्हवर शेकडो जोडपी समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून बसलेली असतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. तिथं पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा बाहेर, उजेडात, ह्यांचा हात हातात घेतला.

चौथ्या वर्षीची गोष्ट. सूर्य बुडून बराच वेळ झाला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. आम्ही तासभर काही बोललो नव्हतो. मग समोर बघत हे म्हणाले, "दोन वर्षांनी रिटायर झाल्यावर सकाळी उठून मी काय करणार आहे, मला ठाऊक नाही. भीती वाटते." घरी शेजारच्या खोलीत सासूबाई असतात, टीव्ही चालू असतो, दूधवाला येतो. हे वाक्य तिथं कधी आलंच नसतं. माझ्या तोंडाशी तीन उपाय आले होते. शिकवणी घ्या, वाचनालयात जा, शेताकडं बघा. मी एकही बोलले नाही. एवढं मोठं वाक्य बाहेर पडायला रात्रभराचा प्रवास आणि एक अख्खी संध्याकाळ लागली होती. त्यावर लगेच झाकण ठेवायला माझा हात धजला नाही. थोड्या वेळानं हे आपणहून पुढचं बोलू लागले आणि शेवटी पोलिसांच्या शिट्ट्या वाजेपर्यंत बोलत होते.

१०. घरच्यांना फोन दिवसातून एकदाच. आम्ही आठ वाजता करतो.

११. खोटं सांगून निघू नका.

पहिल्या वर्षी मी सासूबाईंना सांगितलं होतं, ह्यांचं बँकेचं काम आहे आणि मीही सोबत जातेय. त्यांनी डब्यात दशम्या बांधून दिल्या, "काम होऊ दे" म्हणून देवापुढं साखर ठेवली. परत आल्यावर पहिला प्रश्न, "झालं का काम?" मी हो म्हटलं. ते हो मला वर्षभर टोचत राहिलं. दुसऱ्या वर्षी मी खरं सांगितलं, की काम काही नाही, आम्ही दोघं फिरायला जातोय. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस अबोला होता. माझ्या जावेला त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं नव्हतं." त्या शब्दांत राग किती आणि खंत किती, मला आजही नीट सांगता येत नाही. सासऱ्यांबरोबर त्या फक्त दवाखान्यासाठी मुंबईला गेल्या होत्या. आता आम्ही असताना पुतण्या सोबतीला येऊन राहतो. गेल्या वर्षी मी मरीन ड्राइव्हवरून त्यांना समुद्राचा व्हिडिओ पाठवला, तो त्यांनी त्याच्याकडून पाच वेळा लावून घेतला.

यंदा शुक्रवारी आम्ही बॅग घेऊन बाहेर आलो तेव्हा त्या सोप्यात बसल्या होत्या. ह्यांना विचारलं, "काय काम काढलंयस?"

"काही नाही, आई."

"मग जा," त्या म्हणाल्या. "आणि शाल घे. तिथं संध्याकाळी वारा असतो म्हणे."