न भरणारी टाकी

वास्तुशांतीच्या दिवशी तू मला सगळं घर हिंडून दाखवलंस. किचनच्या ट्रॉल्या ओढून दाखवल्यास, जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलंस. मग मी विचारलं, "सेफ्टी टाकी कुठं घेतलीयस?" तर तू सूनबाईंकडं बघितलंस आणि सूनबाईंनी तुझ्याकडं. शेवटी ठेकेदाराला फोन लावलात. माधवनगर, बुधगाव, पार कवलापूरपर्यंत चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. जीभ शिवशिवत होती, पण पंगत बसायची होती म्हणून गप्प राहिलो. आज ऐक.

मूळ शब्द सेप्टिक. आपल्याकडं त्याचं सेफ्टी झालं. घरात सगळ्यात जास्त धोक्याची जागा तीच आणि नाव हे असं. असो.

आधी माझं पाप सांगतो. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी टाकीला तळच केला नाही. खड्डा घ्यायचा, चारी बाजूंनी वीट लावायची, खाली मुरूम तसाच उघडा सोडायचा. घरमालकच सांगायचे, "मिस्त्री, परत उघडायला लागू नये अशी बांधा." आठ फूट लांब, आठ फूट खोल. मग वीस वर्षांनी तोच माणूस चारचौघांत सांगणार, "आमची टाकी अजून भरली नाही!" मलाही बरं वाटायचं. एकदा अशाच एका घराशेजारच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. त्यांच्या पोराला कावीळ झाली. कारण तेच होतं असं कुणी सिद्ध केलं नाही, पण ती टाकी मी बांधली होती आणि तिचा तळ मला ठाऊक होता. पुढं 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, दूषित पाण्यातून पसरलेली, तेव्हा मला सारखं ते पोर आठवायचं.

तर पहिली गोष्ट ही डोक्यात घाल. जी टाकी भरत नाही ती गळते. चांगल्या टाकीत पाणी कायम एकाच उंचीला उभं असतं. वर साय धरते, तळाला गाळ बसतो आणि मधलं निवळ तेवढं बाहेर पडतं, शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. गाळ कुजून कमी होतो, पण संपत नाही. म्हणून टाकी उपसावीच लागते. दोन-तीन वर्षांतून एकदा, मग वास येवो न येवो, संडास तुंबो न तुंबो. तुंबायची वाट बघितलीस, तर तोवर सगळा गाळ शोषखड्ड्यात गेलेला असतो. टाकी उपसता येते, पण गाळानं बुजलेला शोषखड्डा नवाच करावा लागतो.

आणि मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी असंही नाही. भारतीय मानकात पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरते असं दिलंय. आपल्या मापात पाच फूट, अडीच फूट आणि सव्वातीन फूट, वर फूटभर मोकळी जागा. पाण्याचा साठा एक हजार लिटरच्या खाली नको. दोन हजारांच्या वर गेला तर मधे भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. तुझ्या ठेकेदारानं काय केलंय ते नकाशात बघ, आणि नकाशावर विश्वास ठेवू नकोस. झाकण उघडून बघ.

शोषखड्डा आपल्याकडं फसतो तो काळ्या मातीमुळं. उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून अशी बसते की थेंब आत घेत नाही. मग लोक काय करतात? रातोरात एक पाइप टाकून टाकीचं पाणी सरळ गटारात सोडतात. ते गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत. टाकीचं पाणी असं उघड्या गटारात सोडायला नियमानं परवानगी नाही, पण आपल्या गल्लीतून नाक उघडं ठेवून एक चक्कर मार, म्हणजे नियम कुठवर पोचलाय ते कळेल. तू मुरूम लागेपर्यंत खोल जा, जागा असेल तर खड्ड्याऐवजी खडी भरलेला लांब चर घे. विहिरीपासून मात्र अठरा मीटर लांब राहायचं, म्हणजे साठेक फूट. बोअर तुझी नसली, शेजाऱ्याची असली तरी तेवढंच. तुझा प्लॉट चाळीस बाय साठ. तेव्हा शेजाऱ्यांच्या बोअर कुठं आहेत ते आधी विचारून ये. विचारताना कशाला विचारतोयस ते सांगायला लाजू नकोस.

हवेचा पाइप छतापेक्षा दोन मीटर वर ने आणि तोंडाला डासांची जाळी बांध. गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत सोडायचं नाही, गाळ ढवळून बाहेर येतो. नवी टाकी कोरडी वापरायला घ्यायची नाही. आधी बाहेरच्या पाइपापर्यंत पाण्यानं भर आणि बादलीभर शेणकाला टाक. विरजणच म्हण. एवढं पुरे. बाजारातल्या पावडरी नकोत. उपसतानाही तळाला थोडा गाळ राहू दे, तेही विरजणच.

सूनबाई, हे तुमच्यासाठी, म्हणजे खरं तर दोघांसाठी. संडासात ॲसिड ओतून पांढराशुभ्र करायचा सोस नको, गाळ कुजवणारे जीव त्यानं मरतात. पॅड, बाळाचे डायपर, तळणीचं तेल ह्यातलं काहीही आत जाता कामा नये. एका टाकीतून मी गुटख्याच्या पुड्या काढल्यात घमेलंभर. घरात खाणारा कोण आहे हे त्या माउलीला त्या दिवशी कळलं.

तपासायचं कसं ते नीट ऐक. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. पावसाळ्यात टाकीला हात लावायचा नाही, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि प्लास्टिकची टाकी रिकामी केलीस तर खालून उचलली जाते. झाकण उघडायचं आणि लांब होऊन चांगला वेळ थांबायचं. विडी नको, काडी नको, मिथेन पेट घेतो. एक सरळ लांब कळक घे, त्याला जुना पांढरा पंचा गुंडाळून बांध. वारं पाठीवर घेऊन उभा राहा. वाकायचं नाही, आत डोकावायचं नाही. कळक तळाला टेकेपर्यंत सोड, दोन-चार मिनिटं धर, सावकाश वर काढ. पंचा जिथपर्यंत काळा झाला तिथपर्यंत गाळ. पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशावर गेला की मैला उपसायची गाडी बोलाव. पंचा जाळून टाक, हात साबणानं धू. तारीख आणि माप मीटरच्या पेटीच्या दाराला आतून लिहून ठेव. कागद हरवतो, ते दार हरवत नाही.

आता गाडीचं. आमच्या वेळी गाडी कुठली? माणसं यायची. रात्री, एक चिमणी घेऊन. मालक आधी त्यांना दारू पाजायचे, म्हणजे वास येऊ नये म्हणून. मी हे उभं राहून बघितलंय. 2013 सालच्या कायद्यानं टाकीत असा माणूस उतरवणं गुन्हा ठरलाय. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गुन्हेगार फक्त मुकादम नव्हे, काम सांगणारा घरमालकही. सुप्रीम कोर्टानं 2014 साली अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली होती, ती 2023 साली तीस लाखांवर नेली. तरी माणसं मरतातच. आत सडक्या अंड्यासारखा वास असतो तोवर माणूस सावध असतो. पण तो वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही जातो. म्हणून कुणी पडलाच तर तू उतरायचं नाहीस. ओरड, अग्निशमनला फोन कर, पण उतरू नकोस. हे मला तुझ्याकडून कबूल करून घ्यायचंय.

आमची थोरली वाईला दिलीय. तिथं 2018 पासून नगरपालिका बोलावण्याची वाट बघत नाही, स्वतःच गाडी पाठवते. तीन वर्षांत गावातल्या प्रत्येक टाकीची पाळी येते. त्या दिवशी वेगळे पैसे द्यायचे नाहीत, करातून खर्च निघतो. मैला दिवसाला 70 हजार लिटर झेपेल अशा प्रक्रिया केंद्रात जातो. पहिल्या वेळी आमच्या व्याह्यांनी गाडी परत पाठवली, "आमची टाकी भरलेलीच नाही." मी फोनवर म्हटलं, व्याही, तुमची टाकी बांधली कुणी ते सांगा, ओळखीचा मिस्त्री दिसतो. दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा उघडली. गाळ वरच्या साईला टेकला होता. तिथल्या घाटाला लागून वाहणारी कृष्णा पुढं आपल्याकडंच येते, म्हणून त्यांची टाकी वेळेवर उपसली तर त्यात माझाही स्वार्थ आहे.

आपल्याकडं अशी पाळी नाही असं धरून चाल. ग्रामपंचायतीत विचार, नाहीतर खाजगी गाडी बोलाव. पण ड्रायव्हरला आधीच विचार, मैला कुठं ओतणार? "बघतो की" म्हणाला तर समज, ओढ्यात. पावती माग. चांगला ड्रायव्हर पाइप आत सोडतो, माणूस नाही.

आणि हे सगळं झाकण सापडलं तर. फरशीवाला उद्या पार्किंगला पेव्हर टाकायला येतोय म्हणालास ना? मग आज दिवे लागायच्या आत ठेकेदाराला बोलावून दोन्ही झाकणं उघडी करून घे. भिंतीपासून किती फुटांवर ते मोज आणि भिंतीवर ऑइलपेंटनं बाण काढ. सूनबाईंना तुळशीवृंदावन नेमकं त्याच कोपऱ्यात हवंय असं मला कळलंय. ते दोन फूट अलीकडं घ्यायला सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.