जीन थेरपीनंतर घरी: स्टिरॉइडचे दोन महिने

एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) असलेल्या बाळाला झोल्जेन्स्मा ही जीन थेरपी देऊन झाली, तुम्ही घरी आलात. छान! आता यकृत सांभाळायचं, आणि त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड नेमानं द्यायचं. साधारणपणे ते थेरपीच्या आदल्या दिवशी सुरू होतं आणि दर किलो वजनाला रोज 1 मिलिग्रॅम असं निदान 30 दिवस चालतं. चला, सोबतच करू.

1. डिस्चार्ज कार्डवरचा डोस मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर वेगवेगळे लिहा, गडबड इथेच होते.

2. बाटलीवरची ताकद वाचा. काही सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम औषध असतं, काहींच्या तेवढ्यातच 15. म्हणजे दुकानदारानं दुसरी बाटली दिली आणि तुम्ही जुन्याच मापानं दिलं, तर बाळाच्या पोटात तिप्पट डोस जाईल. बाटली बदलली की आधी डॉक्टरांना फोन.

3. सुईविना सिरिंजमध्ये औषध ओढा. रेघ डोळ्यांच्या समोर धरून बघा. चमच्यानं मोजू नका.

4. बाळाला मान आणि पाठ धरून अर्धवट बसतं घ्या. आडवं ठेवून पाजलं तर ठसका लागतो, आणि या बाळांना जोरानं खोकता येत नाही.

5. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थेंब-थेंब सोडा. घोट गिळला की पुढचा. नळीनं दूध घेणाऱ्या बाळाला औषधही नळीनंच, दवाखान्यात शिकवलं तसं.

6. वेळ वहीत लिहा. औषध उलटून पडलं तर मनानं पुन्हा देऊ नका, विचारा.

7. शी झाली की डायपर दोन पिशव्यांत गच्च बांधून टाका आणि साबणानं हात धुवा. थेरपीतल्या विषाणूचे अंश शीतून बाहेर पडतात, म्हणून महिनाभर ही शिस्त.

8. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवा. आजी-आजोबा रुसले तरी चालेल.

9. आठवड्याला रक्त तपासा: यकृत, प्लेटलेट, ट्रोपोनिन. बाळ हसतंय म्हणून पहिल्या महिन्यातली एकही तपासणी चुकवू नका.

10. रोज अंघोळीच्या वेळी उजेडात अंग निरखा. डोळे पिवळे, विनाकारण काळेनिळे डाग, लघवी कमी, सारखी उलटी किंवा सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो वा सुट्टी, लगेच दवाखाना गाठा.

11. लस टोचण्याआधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंच्या असतात, म्हणून पोलिओ रविवारी बूथवर परस्पर नेऊ नका.

12. तिसाव्या दिवसाच्या सुमाराला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. यकृत ठीक असेल तर साधारण 28 दिवसांत डोस पायरी-पायरीनं उतरवतात. ठीक नसेल तर पूर्ण डोस आणखी चालतो, घाबरू नका.

13. नवा डोस फ्रिजवरच्या कागदावर लिहा आणि जुना खोडा. बाटली संपली म्हणून औषध एकदम बंद करू नका, शेवटचा आठवडा उरला असला तरी नाही.