एका बर्फाचीं अनेक दर्शनें

भूगोलाच्या तासास अंटार्क्टिका खंडाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, तेथें गेलेल्या आपल्या लोकांना काय दिसलें?" "बर्फ," असें उत्तर देऊन मी मोकळा झालों. घरीं जातांना मात्र तें उत्तर मला आळसाचें वाटूं लागलें. "कोणाला?" असें मीं त्यास उलट विचारावयास हवें होतें.

ता. 3 डिसेंबर 1983 रोजीं गोव्याच्या मुरगांव बंदरांतून 'फिनपोलारिस' नांवाचें जहाज दक्षिणेकडे निघालें. भारताची ही तिसरी अंटार्क्टिका मोहीम. पहिली 1981 सालीं डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालीं 21 जणांनिशीं गेली होती. पण ती तिकडच्या उन्हाळ्यांत पोंचून उन्हाळ्यांतच परतली. या खेपेस 81 जण होते, आणि तेथें कायमचें घर बांधून कांहीं माणसें हिवाळाभर ठेवावयाचीं होतीं.

नेते डॉ. हर्ष गुप्ता. ज्या पालकांचें गांव पाटण-कोयनेकडे आहे त्यांना 11 डिसेंबर 1967 चा भूकंप ठाऊक असेलच. त्या धरणाच्या परिसरांतील भूकंपांचा ज्यांनीं अभ्यास केला तेच हे शास्त्रज्ञ. परंतु येथें त्यांना भूगर्भापेक्षां दिनदर्शिकेचीच चिंता अधिक असणार. समुद्र गोठण्यापूर्वीं जहाज निघालें नाहीं, तर तें सर्वांसह अडकावयाचें.

सैन्यांतील अभियंत्यांच्या दृष्टीनें बर्फ म्हणजे पायाची जागा. खडकाळ टेकड्या किनाऱ्यापासून फार आंत. सामान अवजड, उन्हाळा तोकडा. तेव्हां समुद्रावर तरंगणाऱ्या जाड हिमाच्या पठारावरच त्यांनीं सुमारें दोन महिन्यांत 'दक्षिण गंगोत्री' उभी केली.

याच मोहिमेंत दोन स्त्रिया होत्या. भारतीय मोहिमेंतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्याच. (मुलीस दोन दिवसांच्या सहलीला पाठविण्यापूर्वीं ज्या घरीं आठवडाभर खल होतो, त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) पैकीं डॉ. अदिती पंत या मूळच्या नागपूरच्या, पुणें विद्यापीठाच्या पदवीधर आणि गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम करणाऱ्या. त्यांचें लक्ष बर्फावर नव्हे, बर्फाखालच्या पाण्यावर. त्या थंड पाण्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. त्यांवर आपल्या बाजारांतील जवळ्यासारखा दिसणारा क्रिल जगतो, आणि क्रिलवर पेंग्विनापासून देवमाशापर्यंत सारे. आपल्या देवनारमागील खाडींत दर हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात तेहि अशाच सूक्ष्म अन्नासाठीं. पाहणाऱ्यास पक्षी दिसतो. ज्यावर तो जगतो तें दिसण्यास मात्र पाण्याचा थेंब भिंगाखालीं धरावा लागतो.

दुसऱ्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठांत भूशास्त्र शिकविणाऱ्या आणि गिर्यारोहणाचें शिक्षण घेतलेल्या. त्यांना बर्फ म्हणजे अडचणच! खडकावरील पांघरूण जेथें नाहीं तेंच त्यांचें क्षेत्र, म्हणून त्यांनीं शिर्माकर टेकड्या धुंडाळल्या. कोट्यवधि वर्षांपूर्वीं भारत आणि अंटार्क्टिका हे गोंडवन नांवाच्या एकाच भूखंडाचे भाग होते, हें आपण पाठ करतों. तेथील खडकांच्या घड्या आणि थर तपासणाऱ्यास तो इतिहास हातोड्यानें वाचावा लागतो.

आणि त्या बारा जणांस काय दिसलें असेल? लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्यासह ते मागें राहिले. जहाज मार्चअखेर गोव्यास पोंचलें. बंदरावर आप्तांच्या भेटी झाल्या असतील. इकडे त्या बारांच्या माथ्यावरील सूर्य दिवसेंदिवस खालीं उतरत गेला. त्या अक्षांशावर मेच्या उत्तरार्धापासून सुमारें दोन महिने तो क्षितिजावर येतच नाहीं. इतरांना जें स्थळ कामाचें होतें, तें त्यांना घर झालें. आजारीपण आलें तरी तेथेंच, घरची आठवण आली तरी तेथेंच. भारताच्या वतीनें तेथें हिवाळा काढणारी ही पहिलीच तुकडी.

'दक्षिण गंगोत्री'वर वर्षानुवर्षें हिम सांचत गेलें आणि ती वास्तु हळूहळू त्याखालीं गाडली जाऊं लागली. शेवटीं ती सोडून द्यावी लागली. 1989 सालीं भारताचें पुढील ठाणें, 'मैत्री', उभें राहिलें तें शिर्माकरच्या उघड्या खडकावर.