माकड आणि वानर

वसईजवळच्या तुंगारेश्वरच्या जंगलात लालसर तोंडाचे माकड दिसते आणि काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानरही दिसतो. उर्दूत आपण त्यांना बंदर आणि लंगूर म्हणतो.

माकड मिळेल ते गालांच्या पिशव्यांत कोंबते. वानराचा मुख्य आहार पाने. गाईसारखे त्याच्या पोटात कप्पे असतात. तेथे जिवाणू पाने आंबवतात. मग लायसोझाइम नावाचे द्रव्य त्या जिवाणूंनाच फोडते. हे द्रव्य आपल्या अश्रूंतही असते बरे का! १९८७ साली शास्त्रज्ञांना वानराच्या आणि गाईच्या लायसोझाइममध्ये काही बदल अगदी सारखे आढळले. म्हणून काय वानर गाईचा नातलग झाला? नाही. दोघांचे खाणे सारखे, म्हणून बदल सारखे. खरे नाते कळण्यासाठी सगळी जनुके पाहावी लागतात.

२००७ साली ऱ्हीसस माकडाची जनुके वाचून झाली. ती माणसाशी सुमारे ९३ टक्के जुळतात. "सर, म्हणजे माणूस माकडापासून झाला?" असे वर्गात कोणीतरी विचारतेच. आजच्या माकडापासून नव्हे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एकच होते; पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आज त्या माकडाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे आहेत, आपल्या पेशीत ४६.