अर्ध्या मजल्यांचं घर आणि लेव्हल्सचा पसारा

अगं, उताराच्या प्लॉटवरचा बंगला हाती आलाय म्हणालीस ना, मग रेव्हिट उघडल्या उघडल्या लेव्हल्स ओढत सुटू नकोस. आधी हातानं एक सेक्शन काढ. समज, पुढचा भाग शून्यावर आणि तीन मीटरवर; मागचा दीडवर आणि साडेचारवर. १५० मिलिमीटरचा रायझर धरलास तर दर अर्ध्या मजल्याला बरोबर दहा रायझर येतात. हे कागदावर सुटलं नाही तर मॉडेलमध्ये आपोआप सुटेल, अशी आशा धरू नकोस.

आता लेव्हल कशाकशाला द्यायची? जिथे मुख्य स्लॅब आहे, भिंती उभ्या राहतात आणि ज्याचा प्लॅन वेगळा मागितला जाणार, त्या उंचीला. बाकी बाथरूमचा सन्क स्लॅब, बाल्कनीचा उतार, हॉलमधल्या दोन पायऱ्या, या सगळ्यांना फक्त ऑफसेट. नवी मुलं प्रत्येक खड्ड्याला लेव्हल देतात आणि मग एलेव्हेशन रेघांनी भरून जातं. आडोल्फ लोसनं प्रागमध्ये बांधलेला व्हिला म्युलर (१९३०) बघ, तिथे खोलीगणिक उंची बदलते. तो मॉडेल करायचा झाला तरी मी लेव्हल्स मोजक्याच ठेवीन.

नावं ‘०१अ, ०१ब, ०२अ, ०२ब’ अशी दे, म्हणजे प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये ओळीनं लागतात. आणि लेव्हल कॉपी केलीस तर तिचा प्लॅन आपोआप तयार होत नाही, तिचं डोकं काळं दिसतं. प्लॅन वेगळा बनवावा लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

खरी गंमत प्लॅनमध्ये. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये कट प्लेन लेव्हलपासून १२०० वर असतो. म्हणजे ‘०१अ’च्या प्लॅनमध्ये दीड मीटरवरचा मागचा भाग कापलाच जात नाही, तिथे त्याच्या खालचं जे असेल ते दिसतं. क्लायंटला मात्र दोन्ही भाग एकाच शीटवर हवे असतात. मग मागच्या भागाभोवती प्लॅन रीजन आख आणि त्याची व्ह्यू रेंज बदल: कट २७००, बॉटम १५००, व्ह्यू डेप्थही १५००, आणि टॉप कटच्या वर. दोन रीजन एकमेकांवर चढलेले मात्र चालत नाहीत, कडेला कड लावायची. एवढ्यासाठी अख्ख्या व्ह्यूचा कट प्लेन वर नेलास, तर पुढच्या भागातल्या खिडक्या प्लॅनमधून गायब होतील.

‘बिल्डिंग स्टोरी’ची टिक चारही लेव्हल्सना ठेव. पण ‘स्टोरी अबव्ह’मध्ये ‘०१अ’च्या वर ‘०२अ’ निवड, ‘०१ब’ नाही. नाहीतर सॉफ्टवेअर दीड मीटरचाच मजला धरून बसतं. भिंतींनाही वरची उंची आकड्यानं देऊ नकोस, टॉप कन्स्ट्रेंट लेव्हलला बांध. उद्या क्लायंटनं तीनऐवजी सव्वातीन मीटर मागितलं तर भिंती आपसूक सरकतील. आणि नको असलेली लेव्हल डिलीट करण्याआधी तिच्यावर काय काय बसलंय ते बघ, नाहीतर तेही तिच्यासोबत जाईल.

शेवटचं, सॉफ्टवेअरपलीकडचं. दोन भाग जिथे भिडतात, त्या रांगेतल्या कॉलमना मजल्याच्या मध्येच बीम येऊन मिळतात, म्हणजे ते आखूड कॉलम होतात. भूकंपात असे कॉलम जास्त जोर अंगावर घेतात, म्हणून आयएस १३९२० त्यांना पूर्ण उंचीभर दाट रिंगा मागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नुसते प्लॅन पाठवलेस तर हे पटकन दिसत नाही. त्याच रांगेतून जाणारा सेक्शन, चारही लेव्हल्सचे आकडे घालून, फर्निचर लावायला बसण्याआधीच त्यांच्याकडे धाड. आणि आकडे फिनिश्ड फ्लोअरचे आहेत की स्लॅबच्या वरचे, ते शीटवर लिहायला विसरू नकोस, नाहीतर संध्याकाळी फोन येणारच.