लॉगबुक आणि माणूस : स्मरणलेख कसा लिहावा?

मित्रांनो, रिपोर्ट कसा लिहायचा हे आपल्याला चार वर्षं शिकवतात. जर्नल लिहून लिहून तर बोटं दुखतात! पण ओळखीचं माणूस गेलं आणि ‘त्यांच्यावर एक पान लिही’ असं कोणी म्हटलं, की आपण ‘मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष’ एवढ्यावर थांबतो. माझंही तेच झालं. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

आमच्या हॉस्टेलच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर राहत. मूळचे वसईचे, पण सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत. मॅच असली की आम्ही त्यांच्या घरी, आणि व्हायव्हा असली तरी त्यांच्याच घरी. यंदा ते गेले. नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे, म्हणून इथेही ते काकाच.

मी पहिला मजकूर लिहिला : जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. काकूंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “बाळा, एवढं तर त्यांच्या पीएफच्या फॉर्मवर पण आहे.”

मग पुन्हा बसलो.

१) आधी जागा समजून घ्या

माणूस हवेत राहत नाही. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झालं. २००५ आणि २००६ मध्ये तिथे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या आल्या. शेजारी एमआयडीसी वाढली. नोकरीसाठी देशभरातून माणसं बोईसर स्टेशनवर उतरली. भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळख कोणाची नाही. विरारच्या पुढे लोकल यायला २०१३ उजाडलं. तोवर शटल किंवा मेमू चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर. काकांच्या निम्म्या ओळखी त्या बाकड्यांवरच झाल्या होत्या. ‘मनमिळाऊ’ हा शब्द वापरायचाच असेल, तर निदान हे बाकडं तरी दाखवायला हवं.

२) एक प्रसंग पूर्ण सांगा

काकांनी आम्हाला हा किस्सा तीनदा तरी सांगितला होता. नाइट शिफ्टला एका पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येऊ लागला. सगळे म्हणाले, इंपेलर गेला, पंप खोला. काकांनी आधी सक्शनचा गेज पाहिला. प्रेशर पडलेलं. सक्शनची जाळी गाळाने भरली होती. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो तेच कॅव्हिटेशन : सक्शनला दाब फार उतरला की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते, आणि पुढे दाब वाढला की ते बुडबुडे फुटून इंपेलरवर खड्डे पाडतात. जाळी साफ केली, आवाज थांबला. इंपेलर वाचला.

पण गोष्ट इथे संपत नाही. लॉगबुकमध्ये काकांनी वेळ लिहिली, रीडिंग लिहिलं, काय केलं ते लिहिलं, आणि आवाज पहिल्यांदा ज्याने ऐकला त्या हेल्परचं नावही लिहिलं. “रीडिंग कोणीही घेतो रे, ऐकलं कोणी ते लिहायला पाहिजे,” असं ते म्हणायचे. चांगल्या स्मरणलेखातही हेच चार रकाने असतात : कधी, किती, काय आणि कोण.

३) आवड नुसती नोंदवू नका, तिचं कारण शोधा

काका क्रिकेटवेडे होते, हे सगळी बिल्डिंग सांगेल. पण कशासाठी? त्यांचा आवडता माणूस सांगलीचे विजय हजारे. डिसेंबर १९४३ मध्ये पेंटँग्युलरच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या! तरी संघ डावाने हरला. आम्ही ३०९ वर थांबायचो. काका विचारायचे, “दुसऱ्या टोकाला कोण होतं?” त्यांचा भाऊ विवेक. ३०० धावांच्या भागीदारीत त्याच्या धावा फक्त २१. “पण तो उभा होता ना!” जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने ६७ धावा करत वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ जोडल्या, तेव्हाही त्यांनी आधी भागीदारीचा आकडा विचारला होता. लॉगबुकमधला हेल्पर आणि २१ धावांचा विवेक, काकांच्या लेखी एकाच जातीचे.

४) श्रद्धा वागण्यातून दाखवा

‘ते अत्यंत धार्मिक होते’ हे वाक्य मी खोडलं. त्याऐवजी काकूंना विचारलं, रविवारी काय व्हायचं? त्या म्हणाल्या, “मिस्सा संपायची तासाभरात. घरी यायला मात्र दुपार.” मधल्या वेळात काका चर्चबाहेर उभे असायचे. नवीन चेहरा दिसला की कुठून आलास, खोली मिळाली का, डब्याचं काय? केरळचा वेल्डर, गोव्याचा केमिस्ट, सगळ्यांना हेच तीन प्रश्न. अंत्यविधीला चर्च भरलं होतं. मागच्या बाकांवर कंपनीच्या कँटीनवाल्यापासून आमच्या मेसच्या मावशींपर्यंत कितीतरी जण असे होते, जे एरवी चर्चमध्ये कधी गेले नव्हते. कधी उठायचं, कधी बसायचं हे ते पुढच्यांकडे बघून करत होते.

५) स्वतःची चूक लपवू नका

शेवटच्या महिन्यात काकांनी मला मॅच बघायला बोलावलं होतं. “सबमिशन आहे,” असं म्हणून मी टाळलं. खरं तर सबमिशन दोन दिवसांनी होतं. हे लिहू की नको, असा प्रश्न होता. काकूंनी लिहायला सांगितलं. त्या दिवशी काकांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, असंही सांगितलं.

दुसरा मजकूर वाचून झाल्यावर काकू काही बोलल्या नाहीत. उठून चहा ठेवला. मी पास झालो असं समजतो.

तर मंडळी, आता गृहपाठ! आपल्या आसपास असे एकदोन काका, मावशी, लॅब असिस्टंट असतीलच. त्यांच्याजवळ बसा आणि चारही रकाने आत्ताच भरून घ्या. नंतर रीडिंग मिळत नाही.